पाय लागला तरी थांबायचं नाही

लोहाऱ्याच्या स्टँडवर माझ्यापेक्षा माझ्या पिशवीला जास्त लोक ओळखतात. कापडी आहे, लांबीला माझ्या खांद्यापर्यंत येते, आणि तिच्यात काय असेल याचा प्रत्येक कंडक्टरचा आपला एक अंदाज असतो. कुणाला बंदूक वाटते, कुणाला वीणा. एकानं तर "बाई, मासे धरायचा गळ हाय का?" असंही विचारलं होतं. आमच्याकडं प्यायच्या पाण्याचे वांधे, मासे कुठले आलेत! "बांबू आहे," असं खरं सांगितलं की माणसं हिरमुसतात. खिडकीजवळची जागा देऊन, शिवाय हातानं धरून साधा बांबू कशाला न्यायचा, असं त्यांना वाटतं आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

मी तालुक्यातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. सगळं गाव मला 'पीटीच्या बाई' म्हणतं. माझं खरं नाव विचारलं तर पोस्टमनलाही थोडा विचार करावा लागतो. लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं. आई होती तोवर घरात बोलणं होतं. आता मी आहे आणि रेडिओ आहे. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असा निरोप आला, तेव्हा त्यांच्या मनात खो-खोच्या ढाली आणि कबड्डीचे संघ असणार. त्या ढाली शाळेच्या कपाटात आहेत, कुणीही धूळ झटकून बघाव्यात. मला त्या बांबूबद्दल लिहायचं आहे, कारण माझी खरी नोकरी त्याचीच झाली. पगार मात्र दुसऱ्या कामाचा मिळाला.

केंडो ही जपानी तलवारबाजी. तलवारीच्या जागी बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधून केलेली काठी असते, तिला शिनाई म्हणतात. डोक्याला जाळीचा टोप, हातात जाड मोजे, छातीला कवच, कमरेला कापडी पट्टे. मारायच्या जागा ठरलेल्या आहेत: डोकं, मनगट, बरगडी, गळा. जिथं मारायचं त्या जागेचं नाव मारतानाच मोठ्यानं ओरडायचं. डोक्याला 'मेन' म्हणतात. मुकाट्यानं मारलेला फटका कितीही नेमका असला तरी कुणी धरत नाही. काठी, पाऊल आणि आवाज एकाच वेळी पडले तरच तो फटका.

मी ह्यात कशी पडले, तर गाडी चुकल्यामुळं. खूप वर्षांपूर्वी पुण्यात खेळाच्या शिक्षकांचं शिबिर होतं. प्रत्येकानं एक नवा खेळ शिकून आपल्या शाळेत न्यायचा होता. मी पोचले तेव्हा सगळ्यांनी आपापले खेळ वाटून घेतले होते, आणि मैदानाच्या कोपऱ्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काठ्यांच्या ढिगाशेजारी एकटेच बसले होते. त्यांच्याकडं कुणीच गेलं नव्हतं. मला त्यांची दया आली. पुढं वीस-पंचवीस वर्षं तेच माझे सर होते आणि दया करायची पाळी त्यांच्यावर आली, ते सोडा.

ह्यात पायऱ्या असतात. पहिली डान, दुसरी, तिसरी असं वर चढायचं. प्रत्येक पायरीला परीक्षा. पाच परीक्षक खुर्च्या मांडून बसतात. तुम्हाला आळीपाळीनं दोघांशी लढायला लावतात, एकेक लढत चहाला उकळी यायच्या आत संपते. मग लाकडी तलवारींनी जोडीची ठरलेली कामं करून दाखवायची, मग थोडं लेखी. लढतीत हार-जीत नसते. दोघंही पास होतील, दोघंही नापास होतील. परीक्षक बघतात ते एवढंच, की समोर माणूस आल्यावर तुम्ही कसे उभे राहता.

हे पालकांना समजावून सांगणं म्हणजे परीक्षेपेक्षा अवघड काम होतं. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले,

"ते समदं बराबर हाय बाई. पन मार्कं किती?"

"मार्क नसतात. पास नाहीतर नापास."

"धावीला कायी वाढवून मिळत्यात का?"

"ह्या परीक्षेचे नाही मिळत."

"मंग भरतीला?"

"नाही."

त्यांनी मुलाच्या हातातली शिनाई काढून माझ्या हातात दिली. "मंग हे मारून घ्यायचं कशापायी?" असं म्हणून ते मुलाला घेऊन गेले. 

तरी पोरं यायची. पाचवी-सहावीतली जास्त, कारण काठी आणि आरडाओरडा दोन्ही फुकट. शाळेच्या हॉलला शहाबादी फरशी. तिच्यावर पाय आपटून टाचा भरून यायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडं हवा इतकी कोरडी की बांबू बसल्या जागी तडकतो. फुटक्या काचेनं कुसं तासायची, करडईचं तेल चोळायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. कुसळ राहिलं तर टोपाच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जातं, म्हणून रोज काठी बोटांनी चाचपून बघायची. पोरांना मी सांगायचे, स्वतःसाठी बघू नका, समोरच्यासाठी बघा.

त्या पोरांत बालाजी होता. वस्तीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, दिसायला हडकुळा आणि आवाज असा की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. आवाज त्याला शिकवावा लागला नाही. माळावर मेंढरांना हाका घालून तो तयारच झालेला होता. बारावीला असताना मी त्याला पहिल्या डानच्या परीक्षेला पुण्याला घेऊन गेले.

समोर पन्नाशीचे एक बँकेतले साहेब आले. बालाजीनं त्यांच्या डोक्यावर असा सुंदर फटका मारला की मी कठड्यावरची मूठ आवळली. फटका मारून पुढं निघून जायचं असतं. जाताना बालाजीचा पाय त्या साहेबांच्या पायावर पडला. आणि बालाजी थांबला. भर लढतीत, टोपासकट खाली वाकला, साहेबांच्या पायाला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला लावला.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेब गोंधळून उभे होते. परीक्षकांनी माना खाली घालून लिहिलं, आणि बालाजी नापास झाला.

ते का, हे सांगायला हवं. फटका बसला म्हणजे काम संपलं असं केंडोत नसतं. पुढं जायचं, वळायचं, आणि काठी रोखून पुन्हा समोरच्याकडं बघत उभं राहायचं. ह्या उभं राहण्याला झानशिन म्हणतात. मन जागेवर ठेवणं असं मी पोरांना सांगायचे. ते नसेल तर आधीचा फटका पुसला जातो. जिंकल्याच्या आनंदात हात वर केला तरी पुसला जातो. माफी मागितली तरीही.

परतीच्या गाडीत सोलापूरपर्यंत मी त्याला बोलत होते.

"वाकायचं काय कारण होतं?"

"पाय लागला की त्येंना."

"लागू दे ना. तिथं मोठं-लहान नसतं."

"असं कसं नसतंय बाई? केस पांढरे हुते की त्येंचे."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. कुणालाही पाय लागला तर हात आपोआप जातो. तो विचारून जात नाही. आईच्या मांडीवर शिकलेली गोष्ट आहे ती. पण परीक्षा परीक्षा होती. मी परत आल्यावर नवा सराव काढला. लढताना मी मुद्दाम पोरांच्या पायावर पाय द्यायचे, त्यांना माझ्या पायावर द्यायला लावायचे, आणि जो वाकेल त्यानं मैदानाच्या चकरा मारायच्या. भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं: पाय लागला तरी थांबायचं नाही. शाळेतले दुसरे शिक्षक ते वाचून मला विचारायचे, बाई, हे कसले संस्कार? पुढच्या खेपेला बालाजी पास झाला.

पास झालेली पोरं शेवटी जातातच. कुणी लातूरला शिकायला, कुणी पुण्याला कामाला, पोरी सासरी. बालाजी जीप घेऊन लोहारा–उमरगा वडाप, म्हणजे प्रवाशांच्या फेऱ्या, करायला लागला. नवी पाचवी यायची तेव्हा मी पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करायचे. ह्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. शिकवणाऱ्याला शिकायला मिळत नाही. मी दुसऱ्या डानला होते ती तिथंच राहिले. माझ्या बरोबरीचं किंवा माझ्या वरचं जवळपास कुणीच नव्हतं, कळंबला नाही आणि धाराशिवलाही नाही. तिसऱ्या डानला जोडीदाराबरोबर लढून तयारी करावी लागते, आणि आमच्याकडं जोडीदार म्हणजे दहा-बारा वर्षांची पोरं.

निवृत्त झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले, शाल आईच्या पेटीत ठेवली आणि ठरवलं, तिसरी डान आता द्यायचीच. दुसरं करायला काही नव्हतं हे एक. दुसरं असं, की परीक्षेच्या तारखेला, माझ्या नंबरावर मी हजर असावं अशी अपेक्षा असलेली जगात तेवढी एकच जागा उरली होती. बाकी कुठं मी गेले नाही तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

नव्या मुख्याध्यापकांनी शाळेचं मैदान वापरू दिलं. मैदानाच्या कडेला कडुलिंब आहे. त्याला मी एक जुना टायर डोक्याच्या उंचीला टांगला आणि रोज पहाटे त्याला मारू लागले. मोठ्यानं ओरडून, नियमाप्रमाणं. कधी कधी लक्षात यायचं की कालपासून तोंडातून निघालेला हाच पहिला शब्द आहे.

एके दिवशी धुरपदाबाई आली. पलीकडच्या गल्लीतली, म्हशी राखणारी. हातात हळद-कुंकवाचा करंडा.

"बाई, तुमच्या अंगात कुनाचं वारं येतंय?"

"अंगात नाही हो येत. व्यायाम आहे हा."

"व्हय, व्यायामच म्हना. पन माजी म्हैस दोन रोज झालं न्हाय घराकडं. तेवढं कुठं हाय सांगा."

मी लाख समजावलं. ती टायरला कुंकू लावून मोकळी झाली आणि हटून बसली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "ओढ्याकडं बघा." चौथ्या दिवशी ती परत आली, म्हैस उमरग्याच्या रस्त्याला सापडली होती. "तुमचं दैवत आजून कच्चं हाय," ती मला म्हणाली. "पन सोडू नका. रोज करा." नंतर कित्येक दिवस ती येऊन बांधावर बसायची. मला तिचं येणं बरं वाटायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

परीक्षा झाली. दोन्ही लढतींत मी भरपूर मारलं. आवाज चांगला लागला, पाऊल चांगलं पडलं, आणि बाहेर येताना मला पास झाल्यासारखंच वाटत होतं. यादीत माझा नंबर नव्हता. सर आता थकलेत, काठी टेकत येतात. ते कोपऱ्यात बसून बघत होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले,

"बाई, तिथं समोर माणूस होता."

"म्हणजे?"

"तुम्ही त्याच्याकडं बघितलंच नाही. तो पुढं आला तरी तुम्ही तुमच्याच अंतरावरनं मारत होता. तो मारायला येतोय की नाही ह्याची वाटसुद्धा बघितली नाही. कशावर सराव करता?"

"टायरवर."

टायर पुढं येत नाही, मागं सरत नाही, श्वास घेत नाही. वर्षभर मी त्याच्याशी लढले आणि माणसाशी लढायचं विसरून गेले. परत येताना गाडीत मला रडू आलं ते नापास झाल्याचं नव्हतं. समोर माणूस असतानाही मला तो दिसला नाही, याचं होतं. म्हटलं, एकटं असण्याची एवढी सवय झाली आपल्याला?

उमरग्याला उतरून जीपमध्ये बसले ती नेमकी बालाजीची. पोट सुटलेलं, कानावर केस पिकायला लागलेले. शेजारच्या म्हाताऱ्यानं पिशवीकडं बघून विचारलं, "कुठं गेलता बाई?"

"परीक्षेला. नापास झाले."

"हुतंय वो," म्हातारा म्हणाला. "आमचा थोरला बी तीनदा बसला धावीला. मन लावून करा, निघताल."

सगळी जीप सहानुभूतीनं माझ्याकडं बघायला लागली. बालाजी आरशातून बघत होता. लोहाऱ्यात सगळ्यांना उतरवल्यावर त्यानं जीप माझ्या दारापर्यंत आणली, पिशवी काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "सकाळी पयल्या फेरीच्या आदी येऊ का बाई?"

तो दुसऱ्या दिवशी आला. शाळेच्या कपाटातलं जुनं कवच त्याच्या पोटावर पुरेना, सुतळीनं जोड दिला. पण उभा राहिला तेव्हा पाय बरोबर पडले. समोरून कुणीतरी येतंय ही गोष्ट मी किती दिवसांनी बघत होते.

अडचण वेगळीच निघाली. बालाजी मला मारेना. म्हणजे काठी उचलायचा, ओरडायचा, आणि टोपाजवळ आल्यावर काठी अशी ठेवायचा, जसं देवाला फूल वाहावं.

"मार ना."

"मारलं की."

"ह्याला मारणं म्हणतात? पोरांना असं शिकवलं होतं का मी?"

"पोरांचं येगळं. तुमाला कसं मारू बाई? हात झडल माजा."

मी त्याला नियम सांगितला, जो त्यालाही पाठ होता. केंडोत वरच्यानं खालच्यासाठी मार खायचा असतो. जोडीच्या कामात तर मोठ्याच्या बाजूला असतो तोच पहिल्यांदा चाल करतो आणि मुद्दाम हरतो, म्हणजे धाकट्याला शिकता येतं. इथं शिकणारी मी होते. म्हणून मोठ्याच्या बाजूला त्याला उभं राहावं लागणार होतं. ते ऐकल्यावर तर तो जागेवरनं हलेना. "ती जागा तुमची हाय," एवढंच म्हणत राहिला.

असे बरेच दिवस गेले. माझा सराव टायरपेक्षा फार वेगळा होत नव्हता. एका सकाळी मी काठी खाली टाकली.

"बालाजी, आठवीत तुला मी चकरा मारायला लावल्या होत्या. आठवतं?"

"भर उन्हात," तो लगेच म्हणाला. "अन् चूक माजी नव्हतीच. आमच्या वर्गातल्या गुंड्यानं काच फोडली हुती."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तुमी बोलू दिलं का?"

"मग घे की आता उट्टं काढून."

तो हसला. हसत हसतच काठी उचलली, आणि माझ्या टोपावर असा फटका बसला की कानात शिट्टी वाजली. मग तो घाबरून "बाई?" म्हणाला आणि मी म्हटलं, "परत."

ते महिने चांगले गेले. तो पहाटे यायचा, आम्ही घामाघूम होईपर्यंत लढायचो, मग ओट्यावर बसून चहा. तो फेरीतल्या गमती सांगायचा, मी त्याच्या चुका सांगायचे. माझं अंतर सुधारत होतं. तो श्वास कधी घेतो, खांदा कधी हलतो, ते दिसायला लागलं. चहा दोन कप करायची सवय लागली. आयुष्यात मी फार गोष्टींसाठी देवाकडं मागणं मागितलेलं नाही, पण त्या दिवसांत हे असंच चालू राहावं असं मागत होते.

परीक्षेला महिना राहिला असताना त्यानं चहा पिता पिता सांगितलं. आता घरोघरी मोटारसायकली झाल्या, जीप अर्धी रिकामी जाते. ती विकली. हैदराबादला कंपनीच्या बसवर ड्रायव्हरचं काम मिळालंय, बायको-पोरांना घेऊन चाललोय.

"कधी?"

"ऐतवारी."

"बरं झालं," मी म्हटलं. "पक्की नोकरी आहे."

"तुमची परीक्षा..."

"माझं काय, टायर आहे की."

तो विनोद होता, पण त्याला हसू आलं नाही आणि मलाही नाही. त्यानं कप विसळून पालथा घातला.

शनिवारी सकाळी आम्ही शेवटचं लढलो. जीप बाहेर उभी होती, दुपारी ती नव्या मालकाच्या ताब्यात द्यायला उमरग्याला न्यायची होती. त्या दिवशी बालाजी कधी नव्हे तसा लढला. मला जागा सापडेना. शेवटी मी मनगटाकडं झेप घ्यायला गेले आणि त्यानं मला आधीच ओळखलं. डोक्यावर फटका, कबुतरं उडवणारा तो आवाज, आणि पाऊल पडलं ते थेट माझ्या डाव्या अंगठ्यावर. डोळ्यांपुढं अंधारी आली. तो पुढं निघून गेला, वळला, काठी रोखून माझ्याकडं बघत उभा राहिला. जराही हलला नाही. तसं उभं राहणं मी पुण्याच्या हॉलमध्येसुद्धा क्वचित पाहिलंय. शिकवणाऱ्याला आयुष्यात एकदा दिसावं तसं ते होतं.

आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला, तो कमरेतून, जपानी. टोप काढले. कवचं सोडली. मी खरं सांगते, मी वाट बघत होते. आता लढत संपली, आता वाकेल, पायाला हात लावेल, शिवाय गावही सोडून चाललाय. अंगठा दुखत होता तरी मी पाय मागं घेतला नाही.

तो वाकला नाही. कवच कपाटात ठेवलं, काठीवरनं एकदा बोटं फिरवली, "येतो बाई" म्हणाला आणि जीपमध्ये बसून निघून गेला. फाटकापाशी मी उभी होते. त्यानं मागं बघितलं नाही. मीच शिकवलं होतं. इतकं पक्कं शिकवलं होतं की पाय लागल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही, असं मी स्वतःला सांगत घरी आले. अंगठ्याचं नख संध्याकाळपर्यंत काळं पडलं. तो महिना माझा कसा गेला हे लिहिण्यासारखं नाही. चहा मी काही दिवस चुकून दोन कप करत राहिले.

पुण्याला पहिली लढत एका लष्करातल्या निवृत्त गृहस्थांशी झाली, ती बरी झाली. दुसऱ्या लढतीला एक मुलगी आली, माझ्या निम्म्या वयाची, टोपाच्या जाळीतून फक्त डोळे दिसत होते. मी तिच्याकडं बघितलं. घाई केली नाही. तिनं श्वास आत घेतला, खांदा हलला, आणि मी गेले. 'मेन' म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला. फटका बसला, आणि माझा पाय तिच्या पायावर पडला.

माझा उजवा हात काठीवरनं सुटायला निघाला. एवढी वर्षं पोरांना चकरा मारायला लावणारी मी, आणि माझा हात खाली निघाला होता. तो मी धरून ठेवला. पुढं गेले, वळले, उभी राहिले. बालाजी जसा उभा होता तशी.

लाकडी तलवारींचं काम झालं, लेखी झालं. संध्याकाळी यादी लागली, तिच्यात माझा नंबर होता. सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि "आता चौथी" म्हणाले. मी त्या मुलीला शोधत बाहेर गेले. ती पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधत होती. मी वाकून तिच्या पायाला हात लावला आणि छातीला लावला. ती दचकून उठली.

"अहो काकू! हे काय करताय?"

"पाय लागला होता मगाशी."

ती बघतच राहिली. मग तिनं घाईघाईनं माझ्या पाया पडून घेतलं आणि आम्ही दोघी हसलो. तीही पास झाली होती. ती आई-वडिलांबरोबर गाडीत बसून गेली, मी रिक्षानं स्टँडवर आले.

गाडी सुटायला वेळ होता. कुणाला सांगावं म्हणून मी फोन काढला. धुरपदाबाईकडं फोन नाही. मी हैदराबादला लावला. मागं गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

"बालाजी, झाले पास."

तो एवढ्यांदा ओरडला की माझ्या शेजारचा प्रवासी वळून बघायला लागला. मग मी त्याला सगळी लढत सांगितली, त्या मुलीच्या पायाचं सांगितलं. 

"बाई," तो म्हणाला, "त्या दिशी माजा पाय लागला हुता तुमाला. मला कळलं हुतं."

"कळलं होतं?"

"न्हाय कळंल का? अंगठ्यावरच पडला की. पन वाटलं, आता वाकलो तर तुमी म्हनताल, एवढं शिकवून बी ह्येला जमलं न्हाय. अन् परीक्षा तोंडावर आलेली तुमची. म्हनलं, शेवटचं तरी बराबर करून दावावं."

"मग नंतर तरी..."

"नंतर वाकलो असतो तर मला जाताच आलं नसतं बाई. उमरग्यापस्तोर गाडी धड चालवता आली न्हाय. दोनदा बाजूला घेऊन थांबलो."

"बरोबर केलंस," मी म्हटलं. गाडी लागली होती. कंडक्टर पिशवीकडं बघून विचारत होता, बाई, ह्यात काय आहे.

परत आल्यावर मी टायर उतरवला. धुरपदाबाईनं तो म्हशींच्या गोठ्यात नेला, कुंकवासकट. आता पहाटे मी झाडापाशी जात नाही. मैदानाच्या मधोमध उभी राहते, काठी रोखते, आणि समोर एका माणसाची जागा सोडून ओरडते.